सावळारामांचा दुमडलेला पाय

माझ्या पाठीवर कुणीतरी पांढऱ्या रंगानं चारचा आकडा काढून ठेवलाय, म्हणून इथं सगळे मला 'चार नंबर' म्हणतात. मी खुर्ची आहे. बारामतीतल्या एका दवाखान्याच्या तळमजल्यावर डायलिसिसचा विभाग आहे. ज्यांची मूत्रपिंडं थकली, त्यांचं रक्त तिथं मशीनमधून धुऊन पुन्हा अंगात घालतात. त्या विभागात, खिडकीच्या कडेला, मी आठ वर्षं काढली.

माझा जन्म पुण्याजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. लोखंडी नळ्या वाकवून माझा सांगाडा केला, त्यावर जाड फोम घातला, फोमवर तपकिरी रेक्झिन ताणून बसवलं. डाव्या अंगाला एक दांडा आहे. तो ओढला की मी मागं रेलते आणि पुढची बाजू वर उचलली जाऊन बसणाऱ्याचे पाय सरळ होतात. टेम्पोत चढवताना हमाल कुरकुरला, "काय वजन हाय हिचं!" त्याला काय ठाऊक, पुढं माझा सगळा जन्म दुसऱ्यांची वजनं ओळखण्यात जाणार होता.

इथं माणूस आला की आधी काट्यावर उभा राहतो, कारण दोन खेपांच्या मधे अंगात किती पाणी साठलं ते वजनावरून कळतं. मग माझ्यावर बसतो. हातावर शस्त्रक्रिया करून फुगवलेली एक नस असते, तिच्यात दोन सुया जातात. एका नळीतून रक्त मशीनकडं निघतं, दुसरीतून परत येतं. वाटेत ते गोठू नये म्हणून हेपरिन नावाचं औषध देतात. असे चार तास, कुणाचे आठवड्यातून दोनदा, कुणाचे तीनदा. चार तास कुणी एका जागी पडून राहिलं की त्याचं फारसं काही लपून राहत नाही. काट्यावर उभं राहून "एक कप चहा सोडला तर पाण्याचा थेंब न्हाय घेतला" असं शपथेवर सांगणारा माझ्यावर बसला की मला कळायचं, यानं वाटेत रसवंतीवर दोन ग्लास मारलेत. आणखी एक गोष्ट मी पाहिली. पहिल्या महिन्यात पेशंटबरोबर तिघं-चौघं येतात. सहा महिन्यांनी एकजण येतो. वर्षानं पेशंट एकटाच एसटीतून उतरतो. यात कुणाचा दोष नाही. घरंदारं, जनावरं, नोकऱ्या कुणाला सुटल्यात?

कौसल्याबाई मात्र कधी चुकल्या नाहीत.

त्या सावळारामांच्या पत्नी. बुटक्या, चटपटीत. नवऱ्याला 'अवं' आणि उरलेल्या जगाला 'बाळा' म्हणणाऱ्या. दोघं भवानीनगरहून यायचे, मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी सकाळच्या पाळीला. नातेवाइकांनी बाहेर थांबायचं असा नियम आहे. दाराशी बसणाऱ्या मावशींशी कौसल्याबाईंनी पहिले पंधरा दिवस भांडण केलं, पुढचे पंधरा दिवस त्यांना शेवग्याच्या शेंगा आणून दिल्या, आणि मग माझ्या शेजारी त्यांच्यासाठी एक लोखंडी स्टूल कायमचं आलं.

सावळाराम माझ्याकडं आले तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते. साखर कारखान्यात एकतीस वर्षं त्यांनी पॅनवर काम केलं. पॅन म्हणजे उसाचा पाक आटवायचं मोठं भांडं. त्या पाकात साखरेचा दाणा नेमका कधी धरतो, हे ओळखणं त्यांचं काम. काचेच्या पट्टीवर थेंबभर पाक घ्यायचा, दिव्यापुढं धरायचा आणि सांगायचं. बोलणं कमी, नजर पक्की. कौसल्याबाई सांगायच्या, हातावर पाक उडून फोड आला तरी हा माणूस पाळी संपेपर्यंत कुणाला बोलायचा नाही. घरी येऊन हात मागं लपवायचा.

माझ्यावर बसायची त्यांची एक रीत होती. आधी डोकं टेकायचे, मग कंबर सरकवायचे, मग दोन्ही पाय लांब करून एक मोठा सुस्कारा. एवढं झालं की डावा हात पुढं करायचे आणि म्हणायचे, "हं, पोरी. कर सुरू."

ही पोरगी म्हणजे फरहत. आमच्या विभागाची टेक्निशियन. बारामतीचीच, वडिलांचं कपडे शिवायचं दुकान, वय जेमतेम पंचवीस. सुई लावण्याआधी ती सावळारामांच्या नसेवर दोन बोटं ठेवायची. आत मांजर गुरगुरावं तशी थरथर जाणवते तिथं. ती असली म्हणजे नस चांगली चालतेय.

"चालू आहे, काका."

"चालू असंल तर चालू दे."

रोजचं हे दोन वाक्यांचं बोलणं. पण दोघांचं जमलं होतं. सावळाराम चार तास नळ्यांकडं बघत बसायचे. एकदा ते म्हणाले, "पोरी, ह्या नळीतला रंग मघापेक्षा काळपट दिसतोय." फरहतनं बघितलं तर खरंच रक्त गोठायला लागलं होतं. मशीननं अजून आवाज दिला नव्हता. तेव्हापासून ती त्यांना 'साहेब' म्हणून चिडवायची आणि ते चिडल्याचं दाखवून खूश व्हायचे.

अशी दोन वर्षं गेली. आणि मग जानेवारीतला तो गुरुवार आला.

कारखाना जोरात चालू होता. उसाच्या गाड्यांनी रस्ता खणून काढला होता. सावळाराम आत आले ते कौसल्याबाईंच्या खांद्यावर हात टाकून. काट्यावर उभे राहिले तेव्हा सगळा भार डाव्या पायावर.

"काय झालं काका?" फरहतनं विचारलं.

"कुठं काय? एसटीत उभं राहून आलो. धक्के बसलं, कंबर धरली."

"एसटीचं नाव घेऊ नका," कौसल्याबाई म्हणाल्या. "परवापासनं दुखतंय. मी दोनदा गरम पिशवीनं शेकलं. बाम चोळला."

"कौसल्ये, गप की जरा."

ते माझ्यावर बसले आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. डोकं टेकलं नाही. सुस्कारा आला नाही. डावा पाय लांब केला, पण उजवा गुडघा दुमडलेलाच ठेवला, पोटाशी धरल्यासारखा. आणि अंग डाव्या कुशीकडं ओढून घेतलं. दोन वर्षं ज्या माणसाचं वजन मी तोलत होते, ते त्या दिवशी माझ्या एकाच बाजूवर पडलं होतं. मला बोलता आलं असतं तर मी तेव्हाच म्हणाले असते, "थांबा, आज हे नेहमीचे सावळाराम नाहीत." पण लोखंडाला कुठली वाचा? फार तर माझा एक सांधा करकरतो. तो करकरला. कुणाला त्याचं काय?

फरहतनं पुन्हा विचारलं, "कुठं जास्त दुखतंय का? खरं सांगा."

"कुठं न्हाय. म्हातारी कंबर हाय. तू कर सुरू."

त्याच वेळी पलीकडची दोन मशीनं एकदम कोकलायला लागली. फरहतनं सुया लावल्या, नेहमीचं हेपरिन दिलं आणि तिकडं धावली.

तासभर गेला. माझं रेक्झिन ओलं व्हायला लागलं. घाम होता, आणि गार होता. जानेवारीच्या सकाळी, पंखा बंद असताना! शेजारच्या तीन नंबरवर तात्याबा होते, इंदापूर तालुक्यातले, बोलके गृहस्थ. ते म्हणाले, "सावळाराम, गडी आज लईच गप हाय." सावळारामांनी नुसता हात हलवला.

मशीनच्या पट्ट्यानं बीपी मोजलं. शंभर. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं. शहाऐंशी.

डायलिसिसमध्ये बीपी पडणं ही रोजची गोष्ट आहे. अशा वेळी सलाईन सोडतात आणि पेशंटचे पाय वर करतात. फरहत आली, सलाईन सोडलं आणि सवयीनं तिनं माझा दांडा ओढला. माझी पुढची बाजू वर आली आणि सावळारामांचा दुमडलेला पाय सरळ ढकलला गेला.

ते ओरडले.

या माणसाच्या तोंडून मी दोन वर्षांत 'आई गं' सुद्धा ऐकलं नव्हतं. दर खेपेला जाड सुया टोचून घेताना त्यांच्या भुवया हलायच्या नाहीत. ते असे ओरडले की तात्याबांनी डोळे मिटले आणि कौसल्याबाई स्टुलावरून उठून उभ्या राहिल्या. आणि तो ओरडा माझ्यामुळं निघाला होता.

फरहतनं झटकन दांडा सोडला. त्यांच्या गुडघ्याखाली हात घातला. "काका, हळूच सरळ करा बघू."

"व्हईना."

"कधीपासून होत नाही?"

त्यांनी तोंड खिडकीकडं फिरवलं. कौसल्याबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्या म्हणाल्या, "कालपासनं. झोपताना गुडघ्याखाली उशी घेतली. मला म्हणालं, तितं कुणाला सांगू नको, उगा येळ घालवत्यात."

फरहतनं त्यांची खालची पापणी ओढून बघितली. आतून पांढरीफट्ट. उजव्या कुशीत, बरगडीखाली, तिनं अलगद हात ठेवला. तिथं पोट दगडासारखं लागलं असणार, कारण तिचा हात तिथंच थांबला. मग तिनं आधी हेपरिनचा पंप बंद केला आणि खिशातून फोन काढला.

ड्युटीवरचे डॉक्टर वरच्या मजल्यावर होते, मोटारसायकलवरून पडून आलेल्या एका कामगाराजवळ. फोनवरचं त्यांचं बोलणं मला ऐकू येत होतं. "बीपी पडलं की पायात गोळे येतात, फरहत. सलाईन दे, मी येतोच आहे अर्ध्या तासात."

फरहत मागं हटली नाही. "सर, हा गोळा नाही. गोळा आला की माणूस पाय ताणायला बघतो. हे दुमडून धरतायत. ताणला तर ओरडतायत. आणि पांढरे पडलेत."

पलीकडं फोनमधेच पावलं वाजायला लागली. मग एवढंच, "आलो."

ते येईपर्यंत तिनं मशीनमधलं रक्त सावळारामांच्या अंगात परत घातलं आणि डायलिसिस थांबवलं. चार तासांपैकी पावणेदोन तासच झाले होते. बोटभर नळीत रक्त घेऊन तपासायला पाठवलं. मंगळवारी हिमोग्लोबिन साडेनऊ होतं. आता सहाच्या थोडं वर. डॉक्टर धापा टाकत आले, कागद बघितला, आणि सोनोग्राफीचं मशीन ढकलत माझ्या शेजारी आणलं. मग पडद्याकडं बघत राहिले.

"पोटाच्या मागच्या बाजूला, कंबरेच्या स्नायूत रक्त साठलंय," ते म्हणाले. "बरंच साठलंय. मार लागला होता का? पडले होते?"

"न्हाय वो," कौसल्याबाई म्हणाल्या. "कुठं पडलं न्हाईत. आन् रक्त भायेर तर कुठं दिसंना."

"आतल्या आत चाललंय, मावशी. डायलिसिसच्या माणसांत क्वचित असं होतं. काही न लागता, आपोआप. मी पुस्तकात वाचलं होतं. बघतोय आज पहिल्यांदा."

माझ्यावर एक थेंब सांडला नव्हता. रेक्झिन नुसतं घामानं ओलं. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, थकलेला माणूस डोळे मिटून पडलाय. आणि आत दोन दिवस त्यांचं रक्त गळत होतं. पाय सरळ केला की तो रक्तानं फुगलेला स्नायू ताणला जायचा, म्हणून बिचारे तो जवळ धरून बसले होते. आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला कंबरदुखी म्हटलं.

हेपरिनचा उतारा दिला. रक्ताची पिशवी लागली, दुसरी मागवली. पुण्याला न्यायचं ठरलं. स्ट्रेचरवर घेताना चौघांनी त्यांना उचललं, दुमडलेला पाय तसाच ठेवून, आणि माझ्यावरून त्यांचं वजन गेलं. सावळारामांचे डोळे अर्धवट उघडे होते. ते फरहतला म्हणाले, "मशीन अर्ध्यावर बंद केलंस. लिहून ठेव, पोरी. उद्या कुणी बोलायला नको तुला."

"लिहिते काका. तुम्ही बोलू नका आता."

कौसल्याबाई त्यांच्या मागून पळाल्या. त्यांची कापडी पिशवी स्टुलाखालीच राहिली. फरहत ती घेऊन गाडीपर्यंत धावत गेली.

दुपारी दोन्ही पाळ्यांच्या मधे विभाग रिकामा असतो. त्या दिवशी फरहतनं मला पुसलं, नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग फडकं हातात धरून ती माझ्यावरच बसली. इतक्या वर्षांत ती कधी माझ्यावर बसली नव्हती. फार हलकी होती. गुडघे जवळ घेऊन तिनं तोंड ओढणीत लपवलं आणि रडली. माझ्याजवळ तिच्यासाठी काय होतं? पाठ टेकायला थोडा फोम. तेवढा मी दिला.

पुढचे दिवस लांब गेले. माझ्यावर दुसरी माणसं बसत होती, पण मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळी मी दाराकडं लक्ष ठेवायचे. तात्याबा रोज विचारायचे, "सावळारामाचं काय कळलं का गं?" आणि फरहत सांगायची. पुण्याला मांडीतून बारीक नळी घालून, गळणारी रक्तवाहिनी शोधून आतून बंद केली. सहा पिशव्या रक्त चढलं. तिथं हेपरिन न देता डायलिसिस चालू आहे. एक दिवस म्हणाली, ताप आलाय. एक दिवस काहीच म्हणाली नाही, तेव्हा तात्याबांनीही विचारलं नाही.

नवव्या दिवशी कौसल्याबाई आल्या. एकट्याच. पुण्याच्या डॉक्टरांना जुने कागद हवे होते. मी रिकामीच होते, तरी त्या सवयीनं स्टुलावर बसल्या. डोळे आत गेले होते, पण वेणी नीट घातलेली.

"कसे आहेत?" फरहतनं विचारलं.

"हायेत. काल अर्धी भाकरी खाल्ली. पाय अजून जड हाय म्हणत्यात, मांडीला हात लावला तर कळत न्हाय."

फरहतनं फाईल त्यांच्या हातात दिली, पण सोडली नाही. दोघींचे हात त्या फायलीवर.

"काकू, तुम्हाला एक सांगायचंय. त्या दिवशी सकाळी हेपरिन मी दिलं होतं. रक्त पातळ करायचं औषध. आत रक्त गळत होतं आणि वर मी ते दिलं. काकांचा पाय मी आधीच नीट बघायला हवा होता."

मला वाटलं, आता काय होतंय. माणसं अशा वेळी काय काय बोलतात, ते या विभागात मी ऐकलं आहे. काही शब्द मशीनच्या सुयांपेक्षा जाड असतात.

कौसल्याबाईंनी फाईल ओढून पिशवीत घातली. मग म्हणाल्या, "बाळा, मी त्यांना दोन दिस गरम पिशवीनं शेकलं. पुण्याचा डॉक्टर म्हणाला, शेकलं की रक्त आणिक सुटतं. म्हंजी तू एकदा केलंस, मी दोनदा. मग माझं जास्तीच झालं की."

"काकू, तुम्हाला कुठं माहीत होतं?"

"तुला तरी कुठं ठावं होतं? ज्येला ठावं होतं, त्यो तोंड मिटून बसला हुता." एवढं बोलून त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "लई राग येतो मला त्येंचा. दवाखान्यात झोपल्यात तरी राग येतो. एवढं कुणासाठी दडवायचं? मी काय परकी हाय व्हय?"

फरहत खाली बसली आणि कौसल्याबाईंच्या मांडीवर डोकं ठेवलं. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, "ऊठ. मशीनं बोंबलायला लागल्यात तिकडं. आन् जेवलीस का?"

मी अजून एक गोष्ट तेव्हा शिकले. चूक वाटून घेतली तर ती संपत नाही, पण उचलता येण्याइतकी होते.

सहा आठवड्यांनी, होळी तोंडावर आली असताना, सावळाराम परत आले. हातात काठी. उजवा गुडघा मधेच दगा द्यायचा, म्हणून पट्टा बांधलेला. काट्यावर नऊ किलो कमी भरले. माझ्यासमोर येऊन ते उभे राहिले आणि बसेनात. मशीनकडं बघत होते.

"ते औषध न्हाय ना देणार?"

"नाही काका. तुम्हाला आता बिनहेपरिनचं करायचंय. दर अर्ध्या तासानं मी नळ्यांतून सलाईन सोडणार, म्हणजे रक्त गोठायचं नाही."

"दर अर्ध्या तासाला? तुला बाकीची कामं न्हाईत?"

"आहेत. पण बसा."

ते बसले. आधी डोकं. मग कंबर. डावा पाय. मग उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून, भीत भीत, त्यांनी लांब केला. तो सरळ झाला. पूर्वीचा सुस्कारा आला नाही, त्यांनी नुसता श्वास सोडला, पण वजन दोन्ही बाजूंनी सारखं पडलं. मला इतकं बरं वाटलं की मी करकरले.

"ह्या खुर्चीला जरा तेल घाला," सावळाराम म्हणाले.

त्या दिवसापासून एक नवाच रिवाज पडला. सुई लावायच्या आधी फरहत विचारायची, "काका, कुठं दुखतंय?"

"कुठं न्हाय."

स्टुलावरून खोकला यायचा.

"बरं, डाव्या खांद्याला जरा. सकाळपास्नं."

"आणि?"

"आणि काय? टाच. चप्पल लागलीया."

"आणि?"

"आता काय जल्मापास्नंचं सांगू काय तुला?"

तात्याबा मोठ्यानं हसायचे. पण फरहत सगळं लिहून घ्यायची, खांदा आणि टाचसुद्धा. आणि हळूहळू तिनं हा प्रश्न सगळ्यांनाच विचारायला सुरुवात केली. कुणी कंबर म्हणालं, कुणी पोट म्हणालं, की ती पाय सरळ करायला लावायची, पापणी बघायची. बहुतेक वेळा काही निघत नसे. कंबरदुखी ही कंबरदुखीच असते. तरी ती बघायची.

सावळारामांना बोलायला शिकायला साठावं वर्ष लागलं, पण एकदा सुरू झाले ते थांबेनात. दर अर्ध्या तासाला फरहत सलाईन सोडायला आली की त्यांची एक गोष्ट तयार असायची. पॅनवरची, रानातली, लग्नात कौसल्याबाई घोड्याला घाबरल्या त्याची.

"मी घाबरले न्हाय. घोडं मला घाबरलं."

"तेच म्हंतोय मी."

पावसाळ्यात तात्याबा गेले, झोपेतच, त्यांच्या घरी. काही दिवस तीन नंबरकडं कुणी बघत नव्हतं. सावळाराम एकदा त्या रिकाम्या खुर्चीकडं बघून म्हणाले, "मी दुखणी सांगाय लागलो की हा हसायचा." 

आता माझं सांगते. माझं रेक्झिन दोन ठिकाणी फाटलंय, आतला फोम पिवळा होऊन बाहेर डोकावतो. दांडा अडकतो. गेल्या महिन्यात विभागात बटणावर वरखाली होणारे पलंग आले. जुन्या खुर्च्या भंगारात द्यायचं ठरलं. टेम्पो दाराशी लागला, एक ते तीन नंबर गेल्या. माझी पाळी आली तेव्हा फरहतनं हमालांना थांबवलं. "ही नको. ही बाहेर व्हरांड्यात ठेवा."

"बाहेर कुणाला?" मुकादमानं विचारलं.

"बसणाऱ्यांना."

आता आत नियम कडक झालेत. नातेवाइकांना व्हरांड्यातच थांबावं लागतं. मी तिथं, भिंतीला टेकून. सावळाराम आत नव्या पलंगावर असतात. दारातून त्यांचा आवाज येतो. कुणाला तरी ते दाण्याची गोष्ट सांगत असतात.

माझ्याकडून तुम्हाला एवढंच मागायचंय. तुमच्या घरातलं कुणी "काही नाही" म्हणालं, तर एकदा त्याच्या बसण्याकडं बघा. अंग कुठं ओढून धरलंय, कुठला पाय जवळ घेतलाय. आणि विचारा. वैतागला तरी पुन्हा विचारा. मला विचारता येत नाही, तुम्हाला येतं.

काल शनिवार होता. कौसल्याबाई आल्या, सावळारामांना आत सोडलं आणि व्हरांड्यात स्टूल शोधायला लागल्या. स्टूल नव्हतं. मग त्या माझ्याकडं आल्या, रेक्झिनवरून हात फिरवला, इकडंतिकडं बघितलं, आणि काठावर टेकल्या. थोड्या वेळानं मागं सरकल्या आणि डोळे मिटले. इतक्या वर्षांत त्यांचं वजन मी पहिल्यांदाच घेतलं. वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी जड होत्या. पाठीचा एकेक मणका लाकडासारखा ताठ. मला वाटलं, या बाईला कुणी कधी विचारलंय का, कुठं दुखतंय?

फरहत काहीतरी न्यायला बाहेर आली. त्यांना बघून थांबली. मग खाली वाकून तिनं माझा अडकलेला दांडा दोन्ही हातांनी, सावकाश, आवाज न करता ओढला. मी मागं रेलले. कौसल्याबाईंचे पाय वर आले, टाचांना भेगा पडलेले. त्यांनी डोळे उघडले नाहीत. नुसतं म्हणाल्या, "पाठ दुखती बाळा. लई दिस झालं."

"सांगा काकू," फरहत म्हणाली आणि जमिनीवर बसली. "कुठून दुखते?"